धबधबा बघून नजर वळवली की कातळ वर जातो, हे डोळ्यात होतं की मेंदूत?

सह्यवेडी:
मागच्या रविवारी ठोसेघरला गेलो होतो. पाऊस भरपूर झालाय त्यामुळे धबधबा नुसता कोसळतोय. समोरच्या गॅलरीतून मी बराच वेळ पाण्यात एकाच जागी टक लावून बघत उभी होते आणि मग सहज बाजूच्या कातळाकडे नजर गेली तर कातळ वर चाललाय! अक्षरशः वर सरकत होता, झुडपांसकट. थोड्या वेळात आपोआप थांबलं. आधी वाटलं चक्कर येतेय, म्हणून रेलिंग धरलं, पण मुलीला तसंच करायला सांगितलं तर तिलाही दिसलं, मग दिरांनाही.

आता दिरांचं म्हणणं असं की पाण्याबरोबर आपले डोळे नकळत खाली खाली जात राहतात, त्या स्नायूंना तीच सवय लागते आणि नजर वळवली तरी डोळे तसेच खाली सरकत राहतात, म्हणून कातळ वर जाताना दिसतो. ऐकायला पटतं. पण मला एक गोष्ट खटकतेय ती कुणी समजावून सांगा. कातळ वर सरकत होता हे नक्की, पण तो वर पोचत नव्हता. म्हणजे एक झुडूप मी बघत होते, ते वर जातंय वर जातंय आणि तरी होतं तिथेच आहे. डोळे हलत असते तर झुडूप जागेवरून हललं नसतं का? सरकणं आहे आणि जागा बदलत नाही, हे एकाच वेळी कसं काय दिसू शकतं? नेटवर शोधलं तर सगळीकडे दृष्टिभ्रम म्हणून सोडून देतात, पुढचं कुणी सांगतच नाही.

निळाई:
सह्यवेडी, तुम्हाला जे खटकलंय ना तेच यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्यावर येते, पण आधी दिरांचं कारण घेऊ कारण त्याला मोठा इतिहास आहे. १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स नावाचा माणूस स्कॉटलंडमध्ये लॉख नेसजवळ फॉयर्सचा धबधबा बघत उभा होता, त्यानं पाण्याकडे टक लावून बघितलं, मग शेजारच्या काळ्या कातळाकडे बघितलं आणि त्याला तो वर जाताना दिसला. त्यानं ते लिहून छापलं, आणि कारण काय दिलं तर डोळ्यांची नकळत होणारी हालचाल! म्हणजे तुमचे दीर आणि ॲडम्स एकाच ठिकाणी पोचलेत. त्याच्यावरूनच याला आजही धबधब्याचा भ्रम म्हणतात, तसं ॲरिस्टॉटलनंही वाहत्या पाण्याकडे बघून मग स्थिर वस्तू हलताना दिसतात असं लिहून ठेवलंय.

डोळ्यांच्या हालचालीचं कारण का चालत नाही ते बेल्जियमच्या जोसेफ प्लेटोनं १८४९ मध्ये ज्या प्रयोगाचं वर्णन केलं त्यातून कळतं. (तोवर त्याची स्वतःची दृष्टी पूर्ण गेली होती आणि तरी तो दृष्टीवरच काम करत होता, मला हे नेहमी फार थोर वाटतं.) एका तबकडीवर सर्पिल काढायचं, म्हणजे उदबत्तीच्या कॉइलसारखं, आणि ती फिरवायची. ते सर्पिल आत आत ओढलं जातंय असं दिसतं. मिनिटभर मध्यभागी बघा आणि मग समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा, चेहरा सगळ्या बाजूंनी फुगायला लागतो. आता डोळा एका वेळी एकाच दिशेला हलू शकतो, तो वर खाली डावी उजवी असा चारही बाजूंना एकदम कसा हलेल? आणि अजून एक, धबधबा जेवढ्या भागात दिसत होता तेवढाच भाग नंतर हलतो, बाकीचं आजूबाजूचं स्थिर राहतं, डोळा हलला असता तर सगळंच दृश्य हललं असतं.

मग होतं काय? मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीच्या पेशी असतात त्यातल्या बऱ्याच पेशी दिशा बघून काम करतात, कुणी फक्त खाली जाणाऱ्या हालचालीला जोरात प्रतिसाद देते, कुणी वर जाणाऱ्या. ह्युबेल आणि वीझल या दोघांनी १९५९ मध्ये मांजराच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या. स्थिर कातळ समोर असतो तेव्हा वरवाल्या आणि खालीवाल्या दोन्ही पेशी थोड्या थोड्या चालूच असतात आणि दोघींचा जोर सारखा म्हणून आपल्याला स्थिर दिसतं. तुम्ही धबधबा बघत राहिलात तितका वेळ खालीवाल्या पेशी सतत कामाला, त्यांचा जोर हळूहळू उतरतो. बार्लो आणि हिल यांनी १९६३ मध्ये सशाच्या दृष्टिपटलातल्या पेशींवर हे मोजलं: हालचाल बराच वेळ दाखवून थांबवली की ती पेशी नेहमीच्या विश्रांतीच्या पातळीच्याही खाली जाते. मग नजर कातळावर गेली की वरवाल्या नेहमीसारख्या आणि खालीवाल्या दमलेल्या, पारडं वरच्या बाजूला झुकतं आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो की वर हालचाल चालू आहे.

आता डोळा की मेंदू. बार्लोंचा ससा दृष्टिपटलातच दिशा ओळखतो, पण आपल्यात या भ्रमाचा मोठा भाग पुढे मेंदूत घडतो, आणि हे तुम्ही घरी तपासू शकता. सिनेमाच्या शेवटी नावांची पट्टी वर वर सरकते ना, ती एक डोळा हातानं झाकून मिनिटभर बघा, नजर पडद्याच्या मधोमध एका जागी ठेवा, मग पॉज करा आणि लगेच डोळे बदला, बघितलेला डोळा झाका आणि झाकलेला उघडा. त्या डोळ्यानं पट्टी बघितलेलीच नाही, तरी अक्षरं खाली सरकताना दिसतात, थोडी कमी जोरात. दोन्ही डोळ्यांचे धागे एकत्र येतात ते मेंदूच्या मागच्या कवचात, म्हणजे जे दमलंय ते एकत्र आल्यानंतरच्या टप्प्यावरचं आहे.

आणि तुमच्या झुडपाचं. आपल्याला वाटतं की मेंदू आधी वस्तू इथे होती मग तिथे होती असं बघतो आणि त्यावरून ती हलली असा निष्कर्ष काढतो. तसं नाहीये. जागा आणि हालचाल या दोन गोष्टी वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या मोजतात, एरवी दोन्ही उत्तरं जुळतात म्हणून आपल्याला त्या दोन आहेत हे कळतच नाही. कातळ बघताना हालचालवाल्या पेशी म्हणतात वर जातोय आणि जागावाल्या म्हणतात आहे तिथेच आहे, आणि मेंदू दोघींचं म्हणणं तसंच्या तसं आपल्यासमोर ठेवतो. म्हणून सरकतोय पण पोचत नाहीये.

याची उलटी बाजूही आहे. १९८३ मध्ये म्युनिकच्या जोसेफ झील आणि सहकाऱ्यांनी एका ४३ वर्षांच्या बाईंबद्दल लिहिलं, मेंदूतल्या शिरेत गुठळी झाल्यामुळे त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाली होती. त्यांना रंग नीट दिसायचे, चेहरे ओळखता यायचे, वाचता यायचं, फक्त हालचाल दिसायची नाही. कपात चहा ओतताना धार बर्फ झाल्यासारखी थिजलेली दिसायची आणि कप भरत चाललाय हे कळायचं नाही म्हणून ओतणं थांबवता यायचं नाही. खोलीत माणसं इथे होती ती एकदम तिथे, मध्ये कशी गेली ते नाही. रस्ता ओलांडणं सगळ्यात कठीण, गाडी लांब दिसायची आणि पुढच्या क्षणी अगदी जवळ, शेवटी त्या गाडीच्या वाढत्या आवाजावरून अंदाज घ्यायला शिकल्या. कानाच्या मागे थोडं वरच्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, एमटी किंवा व्ही५ म्हणतात, तो हालचालीचा भाग आहे हे सेमिर झेकींनी माकडांवरच्या कामातून १९७० च्या दशकात दाखवलं होतं, आणि या बाईंची इजा त्याच भागाच्या आसपास होती. त्यांना जागा कळत होती, हालचाल गेली होती. तुम्हाला ठोसेघरला काही क्षण जागा न बदलता नुसती हालचाल मिळाली.

जुनावाचक:
निळाईताई, फार छान सांगितलंत. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. एक शंका आहे. आम्ही मुलांना दृष्टिसातत्य शिकवत आलो, वस्तू समोरून गेली तरी तिची प्रतिमा दृष्टिपटलावर १/१६ सेकंद टिकते आणि म्हणून चित्रपट हलताना दिसतो. तुम्ही म्हणता तसं हालचालीच्या पेशी वेगळ्याच असतील तर मग या दृष्टिसातत्याचं काय करायचं? सिनेमात तर खरी हालचाल नसतेच, सगळी स्थिर चित्रंच असतात.

निळाई:
सर, दृष्टिसातत्य आहे, ते खोटं नाही, पण ते अर्धंच काम करतं. प्रतिमा थोडी टिकून राहते त्यामुळे मधला अंधार जाणवत नाही, लुकलुक होत नाही. पण नुसत्या टिकण्यानं हालचाल कशी येईल? हात खाली असलेलं चित्र टिकलं आणि त्यावर हात वर असलेलं चित्र आलं तर दोन्ही एकात एक मिसळून गिचमिड व्हायला हवी, हात वर गेला असं का दिसतं? सिनेमात ही दोन कामं वेगवेगळी करावी लागतात हे प्रोजेक्टरमध्येच दिसतं. चित्रं सेकंदाला २४ च, हालचालीला तेवढी पुरतात, पण सेकंदाला २४ वेळा उजेड-अंधार झाला तर डोळ्याला लुकलुक जाणवते, म्हणून शटर एकच चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवतं, सेकंदाला ४८ किंवा ७२ वेळा उजेड. जास्तीचा उजेड लुकलुक घालवण्यासाठी, त्यानं हालचालीत काही भर पडत नाही.

हालचालीचा भाग मॅक्स वर्थहायमरनं मोजला. १९१० मध्ये तो सुट्टीवर आगगाडीनं निघाला होता, वाटेत डोक्यात कल्पना आली आणि फ्रँकफर्टला उतरून त्यानं खेळण्यातला स्ट्रोबोस्कोप (स्थिर चित्रं पटापट दाखवून ती हलती भासवणारं साधन) विकत घेतला, आणि मग तिथेच विद्यापीठात राहून प्रयोग केले, १९१२ मध्ये छापले. दोन रेघा, एक दाखवायची, मग अंधार, मग दुसरी. मधला वेळ साधारण २०० मिलीसेकंद असेल तर एक रेघ आली गेली, मग दुसरी आली असं सरळ दिसतं. ३० च्या आसपास आणला तर दोन्ही एकदमच दिसतात. आणि ६० च्या जवळ एकच रेघ इकडून तिकडे जाताना दिसते. कधी कधी तर लोक म्हणायचे की रेघ जाताना दिसली नाही पण काहीतरी गेलं, म्हणजे वस्तूशिवायची नुसती हालचाल, तिला त्यानं फाय हे नाव दिलं. ही गोष्ट आणि सह्यवेडींचं झुडूप मला एकाच घरातली वाटतात.

पेशीला हे का फसवतं त्याचं उत्तर १९५६ मध्ये हासेनश्टाइन आणि रायखार्ट यांनी एका सोंडवाल्या भुंगेऱ्यावर प्रयोग करून मांडलं. डोळ्यातले शेजारशेजारचे दोन बिंदू घ्या, डावीकडच्या बिंदूचा संदेश थोडा उशिरानं पुढे पाठवायचा आणि उजवीकडच्याचा लगेच. काहीतरी डावीकडून उजवीकडे गेलं तर उशिराचा आणि लगेचचा असे दोन्ही संदेश एकाच वेळी पोचतात, आणि पोचले की समजायचं त्या दिशेला हालचाल झाली. उलट दिशेनं गेलं तर जुळत नाहीत. या जोडणीला मधे वस्तू खरंच सरकली का याच्याशी देणंघेणं नाही, आधी इथे मग थोड्या वेळानं तिथे उजेड पडला एवढं पुरतं. सिनेमा तेवढंच पुरवतो. मुलांना शिकवताना दृष्टिसातत्यामुळे लुकलुक दिसत नाही आणि मेंदूतल्या जोडणीमुळे हालचाल दिसते अशी दोन वाक्यं केली तरी खूप आहे सर.

पान्हा_१२:
पंख्याचं कुणी बोललं नाही अजून म्हणून लिहितो. पंखा उलटा फिरताना दिसतो तो मात्र मेंदूचा खेळ नसतो, बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नाहीतर लाइटचा असतो. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो. तीन पात्यांचा पंखा १२० अंश फिरला की तसाच्या तसा दिसतो. आता ३०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३०० फेऱ्यांना, एका फ्रेममध्ये तो ६० अंश फिरतो, म्हणजे बरोबर निम्मा, पुढे गेला की मागे ते सांगताच येत नाही. जरा जोरात केला, ३३०-३४० वर, की एका फ्रेममध्ये ६६-६८ अंश, मग पुढे ६६ जाण्यापेक्षा मागे ५४ येणं जवळचं पडतं आणि व्हिडिओत पंखा उलटा. रेग्युलेटर हळूहळू कमी करत व्हिडिओ काढा, कुठे पलटतो ते दिसेल.

पण मला लिहायचं होतं ते वर्कशॉपबद्दल, कारण हे तिथे गमतीचं नाही. आपल्याकडे सप्लाय ५० हर्ट्झ, जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी जास्त होतो, स्वस्त एलइडीचाही होतो. लेथचा तीन जॉचा चक, म्हणजे काम धरून फिरवणारा तीन जबड्यांचा पंजा, २००० आरपीएमला फिरत असेल तर १/१०० सेकंदात बरोबर एक तृतीयांश फेरा, म्हणजे प्रत्येक वेळी उजेड येतो तेव्हा जॉ त्याच जागी, चक थांबलेला दिसतो. १००० ला सहा जॉ असल्यासारखा आणि तोही थांबलेला. मशीनच्या आवाजात बाजूचं मशीन चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही आणि कुणी हात घातला तर संपलं. म्हणून जुन्या शॉपमध्ये मशीनवर साधा पिवळा बल्ब असायचा, त्याची तार गरम राहते त्यामुळे उजेड फारसा कमी जास्त होत नाही, आणि छतावरच्या ट्यूब तीन फेजवर वाटून द्यायचे नाहीतर जोडीतल्या एका ट्यूबला कपॅसिटर लावायचे, म्हणजे एकीचा उजेड कमी होतो तेव्हा दुसरीचा असतो. आता नवीन शेड बांधताना कॉन्ट्रॅक्टर मिळेल तो एलइडी लावून मोकळे होतात. तुमच्या ओळखीत कुणी छोटा शॉप चालवत असेल तर त्याला सांगा, मोबाइलचा स्लो मोशन लावून लाइटकडे धरा, व्हिडिओत उजेड लुकलुकताना दिसला तर फिरत्या मशीनवर तो लाइट नको.

निळाई:
पान्हादादा, हे फारच मोलाचं लिहिलंत, हा धागा तेवढ्यासाठी तरी लोकांनी वाचावा. एकच जोडते, भर उन्हात जिथे लाइटचा संबंधच नाही तिथेही एकसारखं फिरणारं चाक बराच वेळ बघितलं की मधूनच काही क्षण उलटं दिसतं, पर्व्हस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे दाखवलं. मेंदूही कॅमेऱ्यासारख्या फ्रेम घेतो म्हणून, असं काहींचं म्हणणं, तर काहींचं म्हणणं की सुलट दिशेच्या पेशी दमतात आणि उलट दिशेच्या मधूनच वरचढ होतात. मला दुसरं जास्त पटतं, कारण दोन चाकं शेजारीशेजारी ठेवली तर दोन्ही एकदम उलटी होत नाहीत, मेंदू फ्रेम घेत असता तर व्हायला हवी होती.

सह्यवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. काल रात्री नावांच्या पट्टीचा प्रयोग घरात सगळ्यांनी केला, डोळा बदलल्यावरही अक्षरं खाली गेली, दिरांना तर दोनदा करून बघायचं होतं. मुलीचे दोन प्रश्न आहेत. ढग पळत असताना चंद्रच का पळतो? आणि लोकलमध्ये बसलेलो असताना शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं का वाटतं?

निळाई:
दोन्हींचं मूळ जवळचं आहे. दोन गोष्टींमधलं अंतर बदलतंय एवढंच डोळ्याला कळतं, हलतंय कोण हे मेंदूला ठरवावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा मोठं, सगळीकडून वेढणारं ते स्थिर आणि त्याच्या आतलं लहान ते हलणारं असं धरतो. डुंकरनं १९२९ मध्ये अंधाऱ्या खोलीत एक ठिपका स्थिर ठेवला आणि भोवतीची चौकट हलवली, लोकांना ठिपकाच हलताना दिसला. चंद्र म्हणजे तो ठिपका. मुलीला सांगा, चंद्र नारळाच्या झाडाच्या किंवा गच्चीच्या कठड्याच्या कडेला लागून बघ, पळायचा थांबेल आणि ढग पळायला लागतील.

लोकलमध्ये अख्खी खिडकी शेजारच्या गाडीनं भरलेली असते, म्हणून मेंदू तिलाच जग समजतो. एरवी कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणाला असता की आपण हललो नाही, पण तो वेग बदलला तरच बोलतो, एकसारख्या वेगात गप्प असतो, आणि गाडी हळू सुटते तेव्हा झटका इतका बारीक की त्याच्या गप्प राहण्यावरून काहीच ठरत नाही. मग डोळा म्हणेल ते खरं. उलट बाजूच्या खिडकीतून फलाट बघितला की लगेच मिटतं.

चष्मेवाली:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, उशिरा वाचलं पण एक प्रयोग द्यायचाच आहे कारण तो आमच्या कामाचाही आहे. दोऱ्याला एक नट बांधा, कुणाला तरी डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत झुलवायला सांगा, तुम्ही पाच सहा फुटांवर समोर उभे राहा. आता गॉगलची एकच काच डाव्या डोळ्यावर धरा, दोन्ही डोळे उघडे ठेवा. नट सरळ झुलायचा सोडून लंबगोल फिरायला लागेल, उजवीकडे जाताना लांबून आणि डावीकडे येताना जवळून. काच उजव्या डोळ्यावर घेतली की फेरा उलटा.

याचं कारण फार सुंदर आहे. कमी उजेडात दृष्टिपटल संदेश पाठवायला किंचित उशीर करतं, काही मिलीसेकंदच. म्हणजे काचेमागचा डोळा नट जरा आधीच्या जागी बघतो आणि दुसरा आत्ताच्या जागी, दोन डोळ्यांत दोन जागा दिसल्या की मेंदू त्याचा अर्थ खोली असा लावतो. कार्ल पुल्फरिखनं १९२२ मध्ये हे मांडलं, तो येनाला झाइस कंपनीत होता, आणि त्याला स्वतःला हे कधी दिसू शकलं नाही कारण त्याचा एक डोळा गेलेला होता.

आता कामाचं. काही पेशंटच्या बाबतीत काच न धरताच हे होतं. एकाच डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय किंवा एका डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेलीय, त्या डोळ्याचा संदेश कायम उशिरा. असे लोक सांगतात की बाजूनं येणारी रिक्षा अंगावर येतेय असं वाटतं, टेबल टेनिसचा चेंडू हुकतो, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, आणि तक्त्यावरची अक्षरं मात्र दोन्ही डोळ्यांनी बऱ्यापैकी वाचतात, त्यामुळे घरचे म्हणतात वय झालं. ज्या डोळ्याचा संदेश लवकर येतो त्याच्यावर हलकी टिंट असलेली काच दिली की दोन्ही सारखे उशिरा होतात आणि बऱ्याच जणांचा त्रास पुष्कळ कमी होतो. तर घरातल्या मोठ्यांना हा नट एकदा झुलवून दाखवा, गॉगल न धरता. त्यांना तो सरळ न दिसता लंबगोल फिरताना दिसला तर नुसता नंबर काढून थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नीट तपासणी करून घ्या आणि नट कसा दिसला ते त्यांना आवर्जून सांगा.